एकाच शाईतल्या चार कोंबड्या

माणसानं आयुष्यात एकदा तरी कोंबडी पाळावी, असं कुठल्याही शहाण्या माणसानं आजवर म्हटलेलं नाही. तरीही एका मंगळवारी चहाचा दुसरा घोट घेता घेता चारनंबरनी पेपरातली एक बातमी वाचली आणि कप बशीत ठेवला. बातमी चार ओळींची होती. यापुढे निवासी भागात घरटी चार कोंबड्या पाळता येतील, कोंबडा चालणार नाही, अर्ज नगरपालिकेत, खिडकी क्रमांक चार.

शेवटचे शब्द वाचून त्यांना भरून आलं. ह्याच खिडकीमागे ते एकतीस वर्षं बसले होते. इतकी वर्षं एका जागी बसल्यावर खुर्चीला माणसाचा आकार येतो, तसं माणसाला खुर्चीचं नाव येतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हतं. खरं नाव बहुधा फक्त पेन्शनच्या कागदांना ठाऊक असावं.

"आपण कोंबड्या पाळतोय," ते म्हणाले.

"पाळा की," बायको म्हणाली. "पण परवानगी लागेल ना?"

"काढू."

"कोण काढणार?"

"मी."

बायकोनं भाजीची सुरी खाली ठेवली. "अहो, एकतीस वर्षं तुम्ही खिडकीच्या पलीकडे होतात. अलीकडे कधी उभे राहिलायत? साधं घरपट्टीचं कामसुद्धा मीच करत आले. ह्या अंगणातलं एक अंडं ह्या ताटात पडलं ना, तर मी तुमचं पाणी मानेन."

हे बोलणं चारनंबरना लागलं. तेव्हापासून प्रश्न कोंबडीचा राहिला नाही, पाण्याचा झाला.

पहिलं काम खुराड्याचं. ऑफिसच्या लिलावात त्यांनी घेतलेलं एक लाकडी कपाट मागच्या पडवीत धूळ खात होतं. त्याला तीन कप्पे, आणि कप्प्यांवर पांढऱ्या रंगात अक्षरं: आवक, जावक, प्रलंबित. सुतारानं दारं काढून जाळी ठोकली आणि विचारलं, "अक्षरं घासून टाकू का?" चारनंबर म्हणाले, "अक्षरांना हात लावायचा नाही." सुतारानं हात लावला नाही, आणि जाताना एक खिळा उलटा ठोकून गेला. त्यात चारनंबरचे दोन शर्ट आणि एक अंगठा फाटला, पण ते किरकोळ.

दुसरं काम कोंबड्यांचं. बाजाराच्या टोकाला कोंबडीवाल्याचं दुकान. तिथल्या पिंजऱ्यातून त्यांनी चार तपकिरी तलंगा निवडल्या, अजून अंड्यावर न आलेल्या. निवडल्या म्हणजे, पिंजऱ्यासमोर पाऊण तास उभं राहून ज्यांनी त्यांच्याकडे बघितलं त्या घेतल्या. पण विकत घेतल्या नाहीत. परवानगीआधी खरेदी केली तर मालकी सुरू होते, आणि परवानगीविना मालकी हा भंग. त्यांनी फक्त सांगून ठेवलं.

"ठेवतो साहेब," कोंबडीवाला म्हणाला. "पण शनिवार संध्याकाळपर्यंतच. पुढचा सोडून त्याच्या पुढचा शनिवार धरा. रविवारी मला पिंजरा रिकामा लागतो. रविवारी इथं कुणी पाळायला येत नाही."

त्याच्या मागं भिंतीवर सुरा लटकत होता. चारनंबरनी त्याच्याकडे न बघता मान हलवली.

आता राहिला अर्ज. अर्जाचं नाव नमुना सतरा, 'निवासी जागेत प्राणी ठेवणेबाबत'. खिडकीवर आता एक तरुण मुलगी बसायची. तिला काम चारनंबरनीच शिकवलेलं, त्यामुळे आपला अर्ज चहा येईपर्यंत निघणार अशी त्यांची खात्री होती. तिनं अर्ज घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं आणि परत केला.

"सर, रकाना अकरा. ओळखीची खूण. तुम्ही चारही ठिकाणी 'तपकिरी' लिहिलंय."

"त्या तपकिरीच आहेत."

"मग कुठली कुठली हे कसं कळणार? वेगळी खूण हवी. आणि सर, मागच्या पानावरच्या अटी वाचल्यात ना?"

चारनंबर हसले. नमुना सतरा त्यांनी स्वतः तयार केला होता, एकोणीस वर्षांपूर्वी. एका माणसानं दिवाणखान्यात बकरी ठेवली होती आणि तिनं शेजाऱ्याच्या लग्नाचं प्रमाणपत्र खाल्लं होतं, त्या प्रकरणात. आपली कविता एखाद्या मासिकात वाचावी तशा त्यांनी अटी वाचायला घेतल्या. अट बारा: पाहणीच्या वेळी प्राणी जागेवर हजर असावेत. अट तेरा: परवानगीपूर्वी प्राणी जागेत मुक्कामी ठेवू नयेत.

त्यांचं हसू अट बाराला थांबलं आणि अट तेराला मावळलं.

"हे कुणी लिहिलंय?" ते म्हणाले.

मुलीनं बोट पानाच्या तळाशी नेलं. खाली सही होती.

"पाहणी कधी आहे?"

"सोमवार ते शनिवार. कधीही. वेळ सांगायची नाही, असं तुम्हीच..."

"माहीत आहे."

एकतीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही. त्यांनी तिथल्या तिथं तोड काढली. मुक्काम म्हणजे रात्र. दिवसा आलेला पाहुणा मुक्कामी नसतो. कोंबड्या रोज सकाळी येतील, दिवसभर पाहणीची वाट बघतील आणि दिवस मावळायच्या आत दुकानात परत जातील. मुलीनं विचार केला आणि म्हणाली, "बसतं, सर. नियमात बसतं." हे ऐकून चारनंबरना काय वाटलं ते सांगता येत नाही. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षांत फारतर सहा वेळा उच्चारलं होतं.

ओळखीच्या खुणेसाठी ते डावीकडच्या शिलाईबाईंकडे गेले. शिलाईबाई घराच्या दारात, उघड्यावर मशीन मांडून बसत. मशीनच्या दांडीला एक भलीमोठी छत्री दोरीनं बांधलेली असे. ऊन फिरलं की बाई छत्री फिरवत.

"चार रंगांचा दोरा हवाय," चारनंबर म्हणाले. "वीतभर वीतभर."

"कशाला?"

"कोंबड्यांच्या पायात बांधायला."

बाईंनी लाल, पिवळा, हिरवा आणि पांढरा दोरा तोडून दिला. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अर्ज करताय म्हणे. शेजाऱ्यांच्या सह्या लागतील ना? एकाच कागदावर, एकाच दिवशी, एकाच शाईत?"

चारनंबरनी दोरा खिशात घातला. ही अट सात. सगळ्याच नमुन्यांत होती, आणि ती का बोचते ते दोघांनाही ठाऊक होतं. सोळा वर्षांपूर्वी शिलाईबाईंनी ह्याच दारावर पत्र्याचं छप्पर घालायची परवानगी मागितली होती. त्या कागदावर एका शेजाऱ्याची सही काळ्या शाईत आणि एकाची निळ्या शाईत होती म्हणून खिडकी चारनं तो परत केला. निळ्या शाईतली सही चारनंबरची होती. घरी शेजारी म्हणून त्यांनी ती आनंदानं केली आणि ऑफिसात क्लार्क म्हणून ती नाकारली. बाई तीनदा आल्या, तीनदा काहीतरी राहिलं. मग त्यांनी छत्री घेतली.

"तुमची सही मिळेल ना?" चारनंबरनी विचारलं.

"बघू," बाई म्हणाल्या आणि मशीन सुरू केलं. मशीन सुरू असलं की बाईंशी बोलता येत नाही, हे मशीनपेक्षा बाईंना जास्त माहीत होतं.

सोमवार उजाडला. चारनंबर सायकलच्या कॅरियरला टोपली बांधून बाजारात गेले आणि चौघींना घेऊन आले. पाहणी अधिकारी आला नाही. संध्याकाळी चौघींना परत सोडलं. मंगळवारी आणल्या, तो आला नाही. परत सोडल्या. बुधवारी चढावर चेन पडली तेव्हा टोपलीतून असा काही आवाज आला की मागच्या गाडीवाल्यानं सायकलवाल्याला नव्हे, टोपलीला वाट दिली. गुरुवारपर्यंत कोंबड्यांना रस्ता पाठ झाला. वळण आलं की चौघी आपोआप डावीकडे झुकत.

"त्यांना पास काढून द्या," बायको म्हणाली.

पण तीच बायको दुपारी कपाटासमोर बसून तांदळाची कणी टाकत होती, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या कोंबडीला 'अगं हळू' म्हणत होती. ही पांढरी मोठी खट होती. चारनंबर वाकले की ती शर्टाचं दुसरं बटण टोचायची. पहिलं कधी नाही, तिसरं कधी नाही, दुसरंच. कामात इतकी शिस्त त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. गुरुवारी संध्याकाळी तिला दुकानात ठेवून परत निघताना त्यांची नजर सुऱ्याकडे गेली, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही.

सल्ले मात्र मुबलक होते. उजवीकडचे शेजारी डॉक्टर म्हणून ओळखले जात. ते डॉक्टर नव्हते, पण औषधाच्या कंपनीत कारकून होते आणि तिथं लागल्यापासून त्यांना सगळ्यांच्या प्रकृतीची काळजी लागलेली. कोंबडीच्या पिसांनी खोकला होतो, कोंबडीच्या नजरेनं झोप उडते, कोंबडीसमोर जेवल्यास अपचन होतं, अशा गोष्टी ते कुंपणावरून सांगत. शुक्रवारी त्यांनी कुंपणावरून वेगळीच गोष्ट सांगितली.

"मी तक्रार दिलीय. रागावू नका, पण कर्तव्य आहे."

"कसली तक्रार?"

"तुम्ही कोंबडा ठेवलाय. रोज पहाटे साडेपाचला आरवतो. मी घड्याळ लावून ऐकलंय."

"अहो, पहाटे माझ्याकडे कोंबडीसुद्धा नसते."

"म्हणूनच म्हणतो, लपवून ठेवलाय."

चारनंबर सरळ आहेत, पण इतके सरळ नाहीत की खोट्या आरोपावर गप्प बसतील. त्यांनी सबंध घर शोधलं. पलंगाखाली, माळ्यावर, बायकोच्या शिवणाच्या टोपलीत. कोंबडा नव्हता. बायको म्हणाली, "तुम्ही आता स्वतःवरच छापा घालताय."

शनिवारी पहाटे साडेपाचला दारावर थाप पडली. बायकोनं दार उघडलं. बाहेर पाहणी अधिकारी, हातात वही, डोळ्यांत झोप. त्याच्या मागं डॉक्टर, गळ्याला मफलर.

"कोंबड्याची तक्रार आहे," अधिकारी म्हणाला, आणि त्याच क्षणी घराच्या पोटातून तो आवाज आला. आधी एक खालचा घरघराट, मग चढत चढत वर जाणारी तान, आणि शेवटी गळ्यात तुटलेलं लांबलचक आरवणं.

"हाच," डॉक्टर म्हणाले.

अधिकाऱ्यानं तोंडावर बोट ठेवलं, चपला काढल्या आणि चोरपावलांनी आवाजाच्या दिशेनं गेला. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. आत बनियनवर, डोळे मिटून, मान मागं टाकून चारनंबर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते.

ह्या गुळण्या ते एकतीस वर्षं आणि वर तीन वर्षं रोज पहाटे साडेपाचला करत आले होते. इतक्या वर्षांत त्या कुणाला ऐकू आल्या नव्हत्या. कोंबड्यांचं नाव निघालं आणि गल्लीला कान आले.

अधिकाऱ्यानं तिथंच उभ्यानं शेरा लिहिला आणि मोठ्यानं वाचला: "तक्रारीतील आवाज अर्जदाराचा स्वतःचा आहे." चारनंबरना उत्तर देता आलं नाही, कारण तोंडात पाणी होतं.

"आलोच आहे तर पाहणीही उरकतो," अधिकारी म्हणाला. "कोंबड्या दाखवा."

बायकोनं कपाळाला हात लावला. कोंबड्या दुकानात होत्या.

"मग पुन्हा कधीतरी. सहाला मला पाण्याच्या टाकीवर पोचायचंय. पुढचा आठवडा सुट्टीवर आहे."

आणि संध्याकाळी दुकानातला शनिवार संपत होता. चारनंबरनी अधिकाऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बनियनवरच सायकल काढली.

ते कोपऱ्यावरून दिसेनासे झाले तसा अधिकारी फाटकाकडे वळला, आणि कपाटाच्या बाजूनं जाताना सुताराच्या उलट्या खिळ्यात त्याची पँट अडकली. टर्रकन आवाज झाला. कुठं फाटली ते सभ्य माणसानं विचारू नये. कुंपणापलीकडे शिलाईबाई छत्री उघडत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"अशानं टाकीवर जाणार?" बाई म्हणाल्या. "काढून द्या इकडं. पाच मिनिटांचं काम."

अधिकाऱ्याला चारनंबरचा पंचा गुंडाळून पायरीवर बसवण्यात आलं. बाईंनी पँट मशीनवर घेतली. शिवली, बघितली, उसवली, पुन्हा शिवली. "टीप सरळ नको का यायला," त्या म्हणाल्या. पँट बाईंच्या मशीनखाली असेपर्यंत नगरपालिका जागची हलणार नव्हती.

तिकडे चारनंबर दुकानाशी पोचले तेव्हा शटर बंद होतं. कोंबडीवाला वरच्या मजल्यावर झोपलेला. त्यांनी हाक मारायला तोंड उघडायचं ठरवलं आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की घाईत शेवटची गुळणी थुंकायची राहिलीय. सबंध वाट ते गाल फुगवून आले होते. मग त्यांनी शहाणपणानं काम केलं. मान मागं टाकली आणि घसा सोडला. आत, शटरमागे, दुकानातल्या सगळ्या कोंबड्यांनी त्याला उत्तर दिलं. शेजारच्या चार गल्ल्यांत दिवे लागले. कोंबडीवाला खिडकीत आला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही? मला वाटलं एखादा सुटला."

सहाला दहा मिनिटं कमी असताना टोपली अंगणात उतरली. लाल, पिवळी, हिरवी, पांढरी, चौघी जागेवर हजर. पंचा नेसलेल्या अधिकाऱ्यानं रकाना अकरा पडताळला, मोजपट्टीनं कपाट मोजलं आणि सह्यांचा कागद काढला. "शेजाऱ्यांनी माझ्यासमोर सह्या करायच्या."

चारनंबरनी आपलं काळं पेन डॉक्टरांना दिलं. डॉक्टर थोडे ओशाळलेले होते, पण माणूस ओशाळला म्हणून सौदा सोडत नाही. "सही करतो," ते म्हणाले. "पण गुळण्या आठनंतर."

"आठला?" चारनंबरचा आवाज चिरकला. "साडेसात."

"आठ."

चारनंबरनी कपाटाकडे पाहिलं. पांढरी जाळीतून मान काढून त्यांच्या बनियनवर दुसरं बटण शोधत होती. "आठ," ते म्हणाले. डॉक्टरांनी सही केली, मफलर सारखा केला आणि ते ड्यूटीवर निघून गेले.

पेन शिलाईबाईंकडे आलं. त्यांनी कागद मशीनच्या फळीवर ठेवला. मग चारनंबरकडे बघत राहिल्या. 

"छपराचा अर्ज," चारनंबर हळूच म्हणाले. "मी भरतो. मीच रांगेत उभा राहतो. मंजूर होईपर्यंत."

"कितीदा परत आला तरी?"

"कितीदाही."

बाई सही करायला वाकल्या. पहिली दोन अक्षरं उमटली आणि पेन संपलं. झटकलं, फुंकलं, तळव्यावर घासलं. पेनात टिपूस नव्हता, आणि घरात दुसरं काळं पेन नव्हतं. दुसऱ्या शाईत दोन्ही सह्या पुन्हा घ्याव्यात, तर डॉक्टर बसमध्ये बसलेही असतील.

अधिकाऱ्यानं वहीतलं पेन पुढं केलं. "घ्या हे. निळं आहे, पण काय फरक पडतो."

"चालणार नाही," चारनंबर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते स्वतःही, बघता आलं असतं तर, स्वतःकडे बघायला लागले असते. पण शब्द तोंडातून गेले होते. "अट सात. एकाच शाईत. सोळा वर्षांपूर्वी ज्या कारणानं ह्यांचा कागद परत केला, त्याच कारणाचा कागद आज माझा म्हणून मी पुढं करू?"

"अहो," बायको म्हणाली, "त्या मरतील."

 चारनंबरनी पायरीवर बसून हातांत डोकं धरलं.

शिलाईबाई उठल्या नाहीत. त्यांनी रिळांच्या डब्यातून काळं रीळ काढलं, सुईत ओवलं, कागद मशीनच्या पायाखाली सरकवला आणि चाक हातानं फिरवायला घेतलं. टक्, टक्, टक्. दोन अक्षरांपुढं तिसरं अक्षर आलं, काळ्या टिपेचं. मग चौथं. वेलांटी तर अशी घेतली की शाळामास्तरांना जमू नये. शेवटी त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"शाई एकच आहे ना कागदावर?" त्या म्हणाल्या. "दोरा काही शाई नव्हे."

अधिकाऱ्यानं कागद उजेडाला धरला. भोकांतून सकाळ दिसत होती. त्यानं शेरा लिहिला, पँट चढवली आणि टाकीकडे पळाला.

शनिवारी ऑफिस एकपर्यंत. साडेअकराला चारनंबर रांगेत उभे होते, त्यांच्यापुढं नऊ माणसं. खिडकीच्या अलीकडून त्यांना प्रथमच कळलं, की आतून बोललेलं बाहेर नीट ऐकूच येत नाही. एक वाजायला सात मिनिटं असताना मुलीनं त्यांचा कागद घेतला. बोट पहिल्या ओळीपासून निघालं आणि सह्यांवर थांबलं. तिनं टिपेवरून अंगठा फिरवला.

"सर, ही सही..."

"अट सात काय म्हणते?" चारनंबरनी विचारलं. त्यांचा घसा कोरडा पडला होता, सकाळच्या निम्म्या गुळण्या राहिल्या होत्या.

मुलीनं अट सात वाचली. मग पुन्हा वाचली. मग कागद मागून पाहिला, जिथं गाठ होती.

"शाई एकच आहे," ती म्हणाली आणि शिक्का उचलला.

त्या संध्याकाळी कोंबडीवाल्यानं पिंजरा रिकामा केला तेव्हा त्यात त्या चौघी नव्हत्या.

नऊ दिवसांनी, सोमवारी, बायकोनं कपाटाची जाळी उघडली आणि नवऱ्याला हाक मारली. दोन कप्पे रिकामे असताना चौघी एकाच कप्प्यात दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध, 'प्रलंबित' ह्या अक्षरांच्या बरोबर खाली, एक तपकिरी अंडं होतं. चारनंबरनी ते उचललं, सगळ्या बाजूंनी तपासलं आणि बायकोच्या हातात दिलं. बायकोनं ते उकडून त्यांच्या ताटात ठेवलं आणि शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला.

"मानलं," ती म्हणाली. "प्या आता."

चारनंबरनी अंडं खाल्लं नाही. ते रुमालात गुंडाळून कुंपणापलीकडे गेले. शिलाईबाईंनी मशीन थांबवलं.

"छपराचं काय झालं?"

"परत आला," चारनंबर म्हणाले. "रकाना नऊ. पत्र्याची जाडी."

"मग?"

"उद्या पुन्हा जातो." त्यांनी अंडं फळीवर ठेवलं आणि छत्री उन्हाच्या बाजूला वळवली. "तोवर हे घ्या. गरम आहे."